मासा झोपला का मेला? घरच्या टाकीतल्या माशांची झोप आणि खाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं पशुखाद्याचं दुकान आहे. समोर सरकी ढेप, चुरी, कोंबड्यांचं खाद्य आणि मागच्या भिंतीला माशांच्या नऊ टाक्या. पहिली टाकी हौसेपोटी ठेवली होती. आता आठवडी बाजाराच्या दिवशी ढेपेपेक्षा माशांजवळ गर्दी जास्त असते. घेणारे कमी, पाहणारे जास्त, ते चालायचंच. प्रश्न मात्र तेच ते. रात्री अकरा वाजता फोनवरही तेच. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

इतक्या वर्षांत मासा उपाशी ठेवून मारला असं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नाही. खाऊ घालून मारणारे दर आठवड्याला भेटतात. खालची निम्मी उत्तरं फिरून फिरून इथंच येतात, तेव्हा चिडू नका.

भाऊ, मासा झोपते का? डोळे तर उघडेच असतात.

झोपतो. डोळे उघडे असतात कारण मिटायला पापणीच नाही. आपली पापणी डोळा ओला ठेवते. जो चोवीस तास पाण्यातच आहे त्याला तिचं काय काम? त्यामुळे डोळ्यांकडे पाहून काही कळत नाही. झोपलेला मासा एका जागी तरंगतो किंवा तळाशी टेकतो, कल्ल्यांची उघडझाप मंदावते, अंगावरचे पर (पोहायचे पंख) फक्त तोल राहील इतपत हलतात आणि जवळ बोट नेलं तरी लगेच दचकत नाही.

याला खरंच झोप म्हणायचं की नुसता आराम, यावर शास्त्रज्ञांनी बरीच डोकेफोड केली आहे. त्यांचा आवडता मासा म्हणजे झेब्रा मासा, निळे पट्टे असलेला. माझ्याकडे सगळ्यात स्वस्त मिळणाऱ्या माशांपैकी तो एक, आणि मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. २०१९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या पिल्लांचा मेंदू झोपेत पाहिला. पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे हे जमलं. माणसाच्या झोपेत मेंदूत ज्या प्रकारच्या लाटा उठतात, तशाच दोन तऱ्हा त्यांना माशात सापडल्या. म्हणजे ही झोप ४५ कोटी वर्षांपेक्षा जुनी असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

झोपला का मेला, कसं समजाचं?

कल्ले पाहा. दुसरं काही पाहू नका. काचेला नाक लावून एक मिनिट थांबा. कल्ल्यावरचं झाकण हळू का होईना, उघडमीट करत असेल तर मासा जिवंत आहे. मेलेल्याचा डोळा काही तासांत दुधाळ होतो आणि पाण्याच्या धारेबरोबर तो कसाही वाहत जातो. शंका असेल तर जाळी हळूच जवळ न्या. झोपलेला दोन-तीन सेकंद उशिरा का होईना, सरकतो.

एका ताईंनी त्यांचा लोच मासा आडवा पडलेला पाहून रडत रडत तो बाहेर काढला आणि तुळशीजवळ पुरायला नेला. तिथं तो उड्या मारायला लागला. केशरी-काळ्या पट्ट्यांचे हे क्लाउन लोच कुशीवर, अगदी मेल्यासारखे पडून झोपतात. त्यांची ती पद्धतच आहे. तो मासा नंतर ठणठणीत राहिला, ताईंना मात्र घरचे अजून चिडवतात.

दिवसाढवळ्या, लाइट चालू असताना मासा तळाशी बसून असेल, पर अंगाला चिकटवून घेतले असतील आणि खायला टाकलं तरी येत नसेल, तर ती झोप नाही, आजार आहे.

सगळे मासे एकसारखेच झोपतात का?

अजिबात नाही. हे पाहायचं असेल तर मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर लावा आणि लाइट बंद केल्यावर तासाभराने या. लाल उजेडाने मासे कमी बिचकतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते लोडशेडिंगमुळे. मे महिना होता, रात्री दोनला कूलर बंद पडल्यानं जाग आली. दुकानामागंच घर आहे, म्हणून टाक्या पाहायला गेलो. निऑन टेट्राची ती निळी रेघ, जिच्यासाठी पोरं पैसे मोजतात, गायबच. चाळीस मासे राखाडी होऊन वेगवेगळे लटकलेले. दिवसा जो थवा असतो त्याचा पत्ता नाही. मला वाटलं सगळे आजारी पडले. एंजल पाण्याच्या मधोमध किंचित तिरपे होऊन स्थिर. टायगर बार्ब, जे दिवसभर एकमेकांचे पर ओरबाडतात, ते डोकं खाली करून गुमान उभे. फायटर एका रुंद पानावर गादीवर पडावं तसा पसरलेला. गोल्डफिशचा रंगही उतरलेला. जागे होते फक्त काचेला चिकटून शेवाळ खाणारे सकर आणि मिशावाले कॅटफिश. त्यांची तर सकाळ झाली होती, तळाची रेती चाळणं जोरात चालू होतं.

सकाळी लाइट लावला आणि पंधरा-वीस मिनिटांत निऑनची रेघ परत आली. रात्री अंगावरच्या रंगाच्या पेशींत बदल होतो, दिवसा त्या पूर्ववत होतात. अंधारात फिके पडलं की शिकाऱ्याच्या नजरेत भरत नाही, एवढाच त्यातला हिशोब.

रात्रभर टाकीचा लाइट चालू ठेवला तर चालते का? घरात शोभा दिसते.

शोभा तुमची, हाल त्यांचे. दिवसातून ८ ते १० तास लाइट पुष्कळ झाला. जास्त ठेवलात तर काचेवर हिरवं शेवाळही चढतं.

माशाला उजेड फक्त डोळ्यांतून कळत नाही. मेंदूच्या वरच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिला कवटीतून झिरपणारा उजेड थेट जाणवतो. अंधार पडला की ती झोपेचं संप्रेरक सोडते, उजेड असला की थांबते. पापणी नाही आणि डोक्यावरही उजेड, मग बिचाऱ्यानं पळावं कुठं? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झेब्रा माशांना अंधारात सौम्य झटके देऊन जागं ठेवलं. संधी मिळाल्यावर ते नेहमीपेक्षा जास्त झोपले, जागरण झालेला माणूस झोपतो तसे. पण सतत उजेडात ठेवलेल्यांची झोप उडाली ती उडालीच, नंतर तिची भरपाईही त्यांनी केली नाही. उजेडाचा जोर इतका असतो.

आपल्या खेड्यातली एक अडचण पुस्तकांत सापडणार नाही. संध्याकाळी लाइन जाते. टाकीचं बटण चालूच राहतं, आपण झोपून जातो. रात्री दीडला लाइन येते आणि टाकीत एकदम दुपार होते. मासे भेदरून काचेवर, झाकणावर आपटतात. अरोवाना तर झाकण उडवून खाली येतो. तेव्हा लाइन नसली तरी झोपायच्या आधी टाकीच्या दिव्याचं बटण बंद करा. एअर पंपाचं चालू राहू द्या.

समोरच्या खोलीत टीव्ही असते, पोरं रात्री बारापर्यंत पाहतात. मासे झोपतील कसे?

टाकीवर तीन बाजूंनी जुनं लुगडं किंवा चादर टाका, वरून हवेला जागा ठेवा. टीव्हीचा आवाज त्यांना फार नडत नाही. काचेवर टकटक करणं नडतं. माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते, तिच्यानं तो पाण्यातली हालचाल आणि धक्के ओळखतो. लग्नाच्या वरातीतला डीजे घरासमोर थांबला की टाकीतले मासे एका कोपऱ्यात गोळा होतात ते त्यामुळेच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. असता तर आधी स्वतःसाठी वापरला असता.

दिवसातून किती वेळा खाऊ घालायचं?

मोठ्या माशांना दोनदा, सकाळ-संध्याकाळ. एकदाच घातलं तरी चालेल. दोन मिनिटांत संपेल इतकंच. दोन मिनिटांनंतर तळाशी दाणे दिसले तर जास्त झालं, उद्या निम्मं टाका. लाइट लावल्याबरोबर लगेच घालू नका. अर्धा तास त्यांना जागं होऊ द्या. संध्याकाळचं लाइट बंद करायच्या तास-दीड तास आधी.

आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नका. हे सांगितलं की बायकांना चटकन पटतं, कारण घरात कुणाचा तरी सोमवार नाही तर गुरुवार असतोच. पुरुष मंडळींना पटत नाही.

माझ्या आईलाही पटायचं नाही. एकदा मी चार दिवस बहिणीकडे अमरावतीला गेलो आणि टाकी तिच्यावर सोपवली. डब्बीतलं चिमूटभर दिवसातून एकदा, असं दोनदा बजावलं. परत आलो तर पाणी ताकासारखं पांढरं, अकरा मासे वर तरंगत होते आणि तळाशी भाताची शितं. विचारलं तर म्हणाली, "आपून जेवाचं अन् त्यायनं टुकूटुकू पाहाचं? पाप लागते बाबू." टाकी जेवणाच्या खोलीत होती आणि आई जेवायला बसली की मासे काचेपाशी यायचे. तिनं दर घासाला वाटा काढला. मी काही बोलू शकलो नाही. टाकी दुसऱ्या खोलीत हलवली.

काचेपाशी येणं म्हणजे भूक, हा समज आधी काढून टाका. माशाला माणूस दिसला की खाणं येतं एवढं पाठ झालेलं असतं, पोट भरलेलं असलं तरी. गोल्डफिशला तर आपल्यासारखी जठराची पिशवीच नाही. घशातल्या दातांनी चावलेलं सरळ आतड्यात जातं. तो दिवसभर तळ चाळत थोडं थोडं खाणारा प्राणी आहे. त्याला 'पुरे' म्हणता येत नाही, ते आपणच म्हणायचं.

जास्त टाकलं तर बाकीचं नंतर खातील ना?

नाही. ते सडतं. सडलेल्या खाण्यातून आणि माशांच्या कल्ल्यांतून-विष्ठेतून अमोनिया होतो, तो माशांना जाळतो. टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर काही जिवाणू राहतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की तेही आटोक्यात राहतं.

हे जिवाणू बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपले लोक काय करतात? दिवाळीला टाकी घेतात, त्याच दिवशी वीस मासे सोडतात, पोरं कौतुकानं दिवसातून सहादा खाऊ घालतात आणि भाऊबीजेपर्यंत अर्धे मासे जातात. मग मला फोन, "तुमचा माल खराब होता." पाणी दुधाळ दिसलं, वास आला की खाणं दोन दिवस बंद, पाव ते अर्धं पाणी बदला, स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळा. नळाखाली घासून धुतलात तर जिवाणूही गेले. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असते, ती त्यांना मारण्यासाठीच तर टाकतात. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवूनच टाकीत घाला.

पोळी, भात, मुरमुरे, बिस्कीट घातलं तर? देवळाच्या तळ्यात तर सगळे घालतात.

तळ्यात पाणी किती आणि तुमच्या टाकीत किती? तळ्यातले रोहू-कटला हातभर असतात. घरातल्या दोन फुटी टाकीत कणकेची एक गोळी फुटली तरी पाणी नासतं. शिवाय मैदा, बिस्किटातलं तेल-साखर हे माशांच्या आतड्याला पचत नाही, आणि मुरमुरा पोटात जाऊन फुगतो.

घरचं काही घालायचंच असेल तर: वाफवलेला मटार, साल काढून, चिमटून, काकडीची चकती, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान. गोल्डफिश, मॉली, सकर हे आवडीनं खातात. पण काही तासांनी उरलेलं बाहेर काढा. रोजचं मात्र दुकानातलं दाणेदार खाद्यच बरं. त्याचं पुडकं उघडलं की दोन-तीन महिन्यांत संपवा, पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्बीत ठेवा. ओलसर होऊन बुरशीचा वास आला तर कोंबड्यांनाही घालू नका, फेकून द्या.

दाणा कोणता घ्यायचा ते माशाच्या तोंडावर लिहिलेलं असतं. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, जसं गप्पीचं, तर तो पाण्याच्या वरच्या थरात खातो, त्याला तरंगणारा दाणा. तोंड समोर, तर मधल्या थरातला. तोंड खाली आणि मिशा असतील तर त्याला बुडणारी गोळी, तीही लाइट बंद केल्यावर, नाहीतर बाकीचे त्याच्यापर्यंत पोचूच देत नाहीत.

पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. भूक लागली असंल?

भूक नाही, जीव गुदमरतोय. आणि या वेळी खायला टाकलंत तर खेळ संपला.

रात्री टाकीतल्या वनस्पतीही प्राणवायू घेतात, देत नाहीत. मासे घेतात, जिवाणू घेतात. त्यामुळे पहाटेला पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. शेततळ्यात मासे सोडलेल्यांना हे ठाऊक आहे, ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात. टाकीत तेच होतं, आणि त्यात लाइन गेलेली असली तर एअर पंपही बंद.

लाइन नसताना उपाय सोपा आहे: टाकीतलंच पाणी गडव्यानं घ्या आणि हातभर उंचीवरून परत ओता. दहा मिनिटं करा, तासाभरानं पुन्हा. पाण्यात पाणी पडताना हवा मिसळते. सेलवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, लोडशेडिंगच्या गावात तो टाकीबरोबरच घ्यावा. हे मी विक्रीसाठी सांगतोय असं वाटलं तर गडवा आहेच.

उन्हाळ्यात काय करायचं? आमच्या इथं ४५ डिग्री जाते.

मे महिन्यात पाण्याचं तापमान ३४-३५ अंशांवर जातं, तेव्हा दोन्हीकडून मार बसतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागं साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातच. आणि गरम पाण्यात माशाच्या शरीराचा कारभार वेगानं चालतो, म्हणून त्याला लागतो जास्त. अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी खाणं नाही. सकाळी सात-साडेसातला, मासे वर येत नसतील तरच, आणि नेहमीपेक्षा कमी.

टाकी गार ठेवायला बर्फ टाकू नका. तापमान एकदम पडलं की मासा आजारी पडतो. आपल्याकडची कोरडी हवा इथं कामी येते. माठातलं पाणी ज्यामुळे गार होतं तेच करायचं: झाकण काढून वर जाळी ठेवा, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा लावा. पाणी उडून जातं आणि उरलेलं काही अंश गार होतं. टाकीच्या मागच्या बाजूला ओलं बारदान टांगून कूलरच्या वाऱ्यात ठेवलं तरी फरक पडतो. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं, आणि इथं अकोला-बुलढाण्याकडच्या, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी जपावं. पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात, वरून पुन्हा बोअरचं खारं पाणी घातलं की क्षार वाढतच जातात. त्यांनी उडालेल्या पाण्याच्या जागी गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी घालावं.

हिवाळ्यात मासे खातच नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, माशाचं अंगही पाण्याइतकंच गार होतं, भूक मंदावते. खाणं कमी करा. गोल्डफिशला हीटर लागत नाही. गप्पी, टेट्रा, फायटर, एंजल यांना २४-२६ अंश राहील असा लावा. पाणी बदलताना हीटर आधी बंद करा, नाहीतर काच तडकते.

सकर मासा घाण खाते म्हणे. मग त्याले वेगळं कायले घालाचं?

घाण म्हणजे माशांची विष्ठा असेल तर ती तो खात नाही, उलट सगळ्यात जास्त तोच करतो. तो काचेवरचं शेवाळ खातो, आणि ते संपलं की उपाशी राहतो. रात्री काकडी, दुधी, बुडणारी गोळी द्या. आणि घेताना एवढं लक्षात ठेवा की बोटाएवढा घेतलेला हा मासा फूटभराच्या वर वाढतो.

डासांच्या अळ्या, गांडूळ, नाकतोडे घातले तर?

अळ्या उत्तम. घरच्या रांजणातल्या, स्वच्छ पाण्यातल्या असतील तर गप्पी-फायटर तुटून पडतात. हिवतापासाठी आरोग्य विभाग डबक्यांत गप्पी सोडतो तो याचसाठी. नालीतल्या लाल अळ्या नकोत, रोग येतात.

गांडूळ आणि नाकतोडे शेतातून आणणार असाल तर फवारणी कधी झाली ते आधी विचारा. इथं माझीच गोष्ट सांगतो. ऑगस्टमध्ये कपाशीवर फवारून आलो, हात साबणानं धुतले, जेवलो. रात्री फिल्टरची नळी निसटली म्हणून शर्ट न बदलता कोपरापर्यंत हात टाकीत घातला. वीस मिनिटांत मासे गिरक्या घ्यायला लागले, सकाळपर्यंत सगळे गेले. फवारलं होतं सायपरमेथ्रिन, पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक. माणसांना फवारणी काय करते ते यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली, फवारणीच्या विषबाधेत पाहिलं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना तर फारच थोड्या मात्रेत मारतात, आणि बाहीवर उडालेल्या शिंतोड्यांतून तेवढी मात्रा सहज येते.

डास पळवायच्या लिक्विड मशीनमध्ये, ग्रामपंचायत धूर मारते त्या औषधातही बऱ्याचदा याच गटातली रसायनं असतात. मशीन टाकीच्या खोलीत लावू नका. धूर येणार असेल तर टाकीवर ओलं कापड टाका आणि एअर पंप तासभर बंद ठेवा. तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, धुरासकट.

लग्नाला आठ दिवस गावाला जायचंय.

जा. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तर काही होत नाही. जायच्या आधी 'पोटभर' घालू नका, शेजाऱ्यांना डब्बी देऊ नका. द्यायचीच असेल तर कागदाच्या पुड्या बांधा, दोन दिवसाआड एक पुडी, आणि डब्बी कपाटात कुलूप लावून ठेवा. शेजाऱ्यांच्या प्रेमावर माझा विश्वास आहे, अंदाजावर नाही. पिल्लं असतील तर मात्र कुणीतरी हवं, त्यांना दिवसातून तीन-चार वेळा लागतं.

गोल्डफिश उलटा होऊन तरंगते, पण जिवंत आहे.

बहुतेक वेळा जास्त आणि कोरडं खाऊन तोल सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीवर दाब आलेला असतो. गोल, फुगीर जातींना हे लवकर होतं. दोन-तीन दिवस उपास, मग साल काढलेला वाफवलेला मटार. पुढं दाणा देताना मिनिटभर पाण्यात भिजवून द्या. दहातले सहा-सात सुधारतात असा माझा अनुभव. बाकीच्यांना आतून दुसरंच काही झालेलं असतं.

गप्पीनं काल पिल्लं दिली, आज एकही नाही.

खाल्ली. आईनं आणि बाकीच्यांनी मिळून. वर तरंगणाऱ्या पाणवनस्पतीचा दाट झुबका ठेवा, लपायला जागा मिळाली की काही वाचतात.

मासा तीन सेकंदात सगळं विसरते, मग तो मले ओळखते कसा?

तीन सेकंदांची गोष्ट खोटी आहे. खाण्याची वेळ, जागा, डब्बीचा आवाज मासे महिनोन्‌महिने लक्षात ठेवतात. माझा ऑस्कर जातीचा मासा मी आलो की काचेपाशी येतो आणि माझा पुतण्या आला की दगडामागं जातो, कारण पुतण्या जाळी लावतो. तोंडातून पिचकारी मारून किडे पाडणारा धनुर्धर मासा माणसांचे चेहरे वेगवेगळे ओळखतो, हे २०१६ साली प्रयोगानं दाखवलं गेलं. टाकीची मांडणी बदलली की ऑस्कर दिवसभर कुशीवर पडून राहतो. रुसलेला असतो. फोन करू नका, उठतो.

सकर फार मोठा झाला. मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडून देऊ का? तेवढंच पुण्य.

सोडू नका. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. देशात अनेक नद्या-तलावांत तो असाच कुणीतरी सोडलेला पसरला आहे. अंगावर चिलखतासारखी कडक खवलं आहेत, त्यामुळे इथला मरळही त्याला सहजी खात नाही. तो तळ खरवडतो, काठ पोखरतो, आणि ढिवर बांधवांच्या जाळ्यात अडकला तर काट्यांनी जाळं फाडतो. भंडारा-गोंदियातल्या त्या जुन्या तलावांवर कितीतरी घरांची चूल चालते.

माझ्या दुकानात आणून द्या. पैसे देणार नाही, पण मागच्या सिमेंटच्या हौदात असे तीन सोडलेले आहेत. एक तर दीड फुटाचा आहे, आणि रात्री मी दुधीची फोड टाकली की त्याच्या ओरबाडण्याचा आवाज आतल्या खोलीत आईला ऐकू जातो. "जेवला वाटते," म्हणते.